पातळ पोलाद चूक पोटात घालत नाही

(डोंबिवली येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आहे, त्या सरांची आठवण आली की त्यांच्या चेहऱ्याआधी मला त्यांच्या हातातली पत्र्याची कात्री दिसते. तांत्रिक शाळेच्या वर्कशॉपमध्ये ते आम्हाला पत्राकाम शिकवत. पहिला धडा केर भरायच्या सुपलीचा. जस्ती पत्र्यावर टोच्याने रेघ मारायची, कात्रीने कापायचे, ऐरणीच्या कडेवर धरून लाकडी मोगरीने वाकवायचे. तीन बाजू उभ्या राहिल्या की आम्हाला वाटे, झाली सुपली. सर ती हातात घेत आणि दोन बोटांनी तिची बाजू दाबून बघत. बाजू लपलपायची. मग ते म्हणत, "कड दुमड." पाऊण सेंटीमीटरची कड आत दुमडली की तीच सुपली ताठ व्हायची. हात कापायचा नाही, बाजू हलायची नाही. पत्रा तोच, वजन तेच, जाडी तीच. "कड दुमडली की पत्रा शहाणा होतो," असे सर म्हणायचे. पुढे मी स्थापत्य अभियंता झाले, गेली अनेक वर्षे कारखान्यांच्या आणि गोदामांच्या सांगाड्यांची गणिते करते आहे. पण माझ्या धंद्याचे सार मी तेरा वर्षांची असताना त्या ऐरणीपाशी ऐकले होते.

आपल्या गावाला व्याख्यानांची सवय आहे. २०१७ साली नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथेच भरले होते. साहित्य, संगीत, इतिहास यांवर इथे पुष्कळ बोलले जाते आणि मीही ते ऐकत वाढले. आज मात्र मला आपल्या डोक्यावरच्या एका वस्तूबद्दल बोलायचे आहे. ती आपण रोज पाहतो आणि तिचे नाव बहुतेकांना ठाऊक नसते. पर्लिन. पत्र्याच्या छपराखाली आडवी जाणारी पातळ पोलादी पट्टी. एमआयडीसीच्या फेज एक आणि फेज दोनमधले कारखाने, भिवंडीची मैलोन्‌मैल गोदामे, स्टेशनाबाहेरचे रिक्षा स्टँड, गळणाऱ्या इमारतींच्या गच्चीवरच्या शेड, सगळ्यांचे छप्पर तिच्यावर टेकलेले असते. टेकलेले म्हणते आहे, पण तिचे खरे काम टेकू देण्याचे नाही. ते काय आहे, हे सांगण्यासाठीच मी आज उभी आहे.

कोकणातले जुने घर डोळ्यांपुढे आणा. मधोमध आढे, आढ्यापासून वळचणीपर्यंत उतरणारे वासे, वाशांवर आडव्या रिपा आणि रिपांवर कौले. पत्र्याच्या शेडची रचनाही तशीच. वाशांच्या जागी लोखंडी कैची किंवा वर निमुळती होत गेलेली मोठी चौकट, तिच्यावर आडवी पर्लिन, पर्लिनवर पत्रा. म्हणजे पर्लिन ही पोलादी रीप. भिंतीला पत्रा लावायचा तर तशाच आडव्या पट्ट्या खांबांना बांधतात, त्यांना गर्ट म्हणतात.

फरक आहे तो वजनात. मंगळुरी कौलांचे छप्पर चौरस मीटरला चाळीस किलोंहून जास्त भरते. एमआयडीसीतल्या जुन्या शेडवर सिमेंटचे पत्रे असत, ते पंधराएक किलो. आजचा अर्धा मिलिमीटर जाडीचा रंगीत पत्रा पाच किलोंच्या आत आहे आणि त्याखालची पर्लिन धरली तरी सगळे मिळून नऊ-दहा किलो. एवढ्या हलक्या छपराने आपल्याला मोठमोठ्या खांबविरहित जागा दिल्या, स्वस्तात दिल्या, काही आठवड्यांत उभ्या करून दिल्या. हा हलकेपणा आला कुठून, ते आधी बघू.

पत्रा हा शब्द आला आहे पत्र या शब्दावरून. पत्र म्हणजे पान. झाडाने पानाला जाडी दिलेली नाही, आकार दिला आहे. केळीच्या पानाचा देठ एकदा मुद्दाम आडवा कापून बघा. तो भरीव गोल नसतो, पन्हळीसारखा असतो. वरून उघडा, खाली आणि दोन्ही बाजूंना भिंती. त्या पन्हळीच्या बळावर सात-आठ हात लांबीचे पान आडवे तोललेले असते. त्याच आकारामुळे देठ सहज पिळवटतो, म्हणून वारा आला की पान फिरते, वाऱ्याला पाठ देते आणि झाड वाचते. उघडा आकार वाकायला कणखर आणि पिळायला नरम असतो. हे वाक्य लक्षात ठेवा. केळीला जे वरदान आहे, तेच पर्लिनचे दुखणे आहे.

आता पोलादाकडे येऊ. कल्याणहून कसाऱ्याच्या गाडीत बसले की वासिंद लागते. तिथे जेएसडब्ल्यूच्या कारखान्यात पोलादाच्या पट्ट्यांवर जस्ताचा मुलामा चढतो. असल्या पट्ट्यांच्या गुंडाळ्या, ज्यांना आम्ही कॉइल म्हणतो, ट्रेलरवरून रोल फॉर्मिंगच्या शेडमध्ये येतात. तिथले काम बघण्यासारखे असते. एका टोकाला कॉइल हळूहळू उलगडते. पट्टी सरळ होऊन रुळांच्या जोड्यांमध्ये शिरते. एकामागोमाग एक पंधरा-वीस जोड्या. प्रत्येक जोडी पट्टीला थोडीशीच वाकवते. पहिल्या दोन जोड्यांतून बाहेर पडते तेव्हा काही झाले आहे असे वाटतही नाही. पाचव्या-सहाव्या जोडीपाशी कडा उचलल्या जातात, दहाव्यापाशी बाजू उभ्या राहतात आणि शेवटच्या जोडीतून इंग्रजी झेड अक्षराच्या आकाराची पर्लिन सरसरत बाहेर येते. भट्टी नाही, लाल झालेले लोखंड नाही. हात लावला तर पर्लिन जेमतेम कोमट लागते. थंड पट्टीवरच सगळे घडते म्हणून हे कोल्ड फॉर्म्ड पोलाद. वाकवलेल्या कोपऱ्यांत पोलाद आणखी कणखर होते. तांबट भांडे ठोकतो तेव्हा तांबे ताठ होते, तसेच हे.

घडीने काय साधते, याचा एक हिशेब सांगते. ३६० मिलिमीटर रुंद आणि २ मिलिमीटर जाड अशी सपाट पट्टी घ्या. दोन टोकांना टेकवून मध्ये हात ठेवलात तर ती झोळीसारखी लोंबेल. त्याच पट्टीची २०० मिलिमीटर उंचीची झेड पर्लिन करा: ६० मिलिमीटरच्या दोन बाजू आणि २० मिलिमीटरच्या दोन दुमडलेल्या कडा. वाकण्याला होणारा तिचा विरोध सपाट पट्टीच्या सुमारे सतरा-अठरा हजार पट होतो. वजन एक ग्रॅमही वाढलेले नाही, मीटरला साधारण साडेपाच किलोच. जुन्या शेडमध्ये वापरत ते १०० मिलिमीटरचे गरम लाटलेले चॅनल मीटरला साडेनऊ किलो असते. आणि त्या २० मिलिमीटरच्या दुमडलेल्या कडा? त्या सरांच्या सुपलीच्याच कडा आहेत. त्या नसत्या तर ६० मिलिमीटरची बाजू दाबाखाली लाटेसारखी सुरकुतली असती.

या सुरकुतण्याचे शास्त्र फार जुने नाही. पन्हळी पत्र्याचे पेटंट लंडनमध्ये हेन्री पामर यांनी १८२९ साली घेतले, तेव्हापासून लोक पत्र्याला घड्या घालत आले. पण पातळ घडीवर किती भार टाकावा, याचे नियम नव्हते. व्हिएन्नात जन्मलेले जॉर्ज विंटर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले आणि १९३९ पासून त्यांनी पातळ पोलादी तुळयांवर प्रयोग केले. पातळ बाजू दाबाखाली सुरकुतते, पण तिथेच संपत नाही, हे त्यांच्या कामातून पक्के झाले. मधला भाग माघार घेतो आणि भार कोपऱ्यांजवळच्या पट्ट्यांकडे सरकतो. म्हणून सगळी रुंदी हिशेबात न धरता कामाला येईल तेवढीच धरायची. या पायावर १९४६ साली अमेरिकेत पहिली नियमावली निघाली. भारतीय मानक संस्थेचे आयएस ८०१ हे मानक १९७५ सालचे आणि पर्लिनच्या आकारांचे आयएस ८११ हे १९८७ सालचे. धातूच्या हजारो वर्षांच्या इतिहासात ही विद्या कालपरवाची आहे. आपल्या शेजारचे अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ मधले, म्हणजे इसवी सन १०६० चे. तिथे दगड दगडाच्या वजनाने जागच्या जागी बसला आहे. साडेनऊशे पावसाळे त्याने पाहिले. जड वस्तूला वजनच सांभाळते. हलक्या वस्तूला आपण सांभाळावे लागते.

सांभाळायचे ते कोणापासून? कधीही पत्र्याच्या शेडवर काम करणाऱ्या मिस्त्रीशी बोललात तर तो म्हणेल, "मॅडम, वर लोड काय आहे? पत्रा तर आहे." त्याचे चुकत नाही. खाली दाबणारा भार खरेच थोडा आहे. खरा भार वर ओढतो.

आपल्या वाऱ्याच्या मानकात, म्हणजे आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, ताशी सुमारे १५८ किलोमीटर. या वेगाच्या झोताचा दाब चौरस मीटरला जवळजवळ ११८ किलो होतो. वारा भिंतीवर आपटतो, वर चढतो आणि छपरावरून घसरताना ते शोषून वर घेऊ पाहतो. कडेला, कोपऱ्यांत आणि आढ्याशी ही ओढ सर्वांत जास्त. त्यात शेडचे शटर उघडे राहिले तर वारा आत शिरतो आणि छपराला खालून ढकलतो. बंद इमारतीसाठी मानक आतल्या दाबाचा गुणक ०.२ धरायला सांगते. भिंतीचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग उघडा असेल तर ०.७. छपराचे वजन दहा किलो आणि ते उचलू पाहणारे बळ शंभर किलोंच्या घरात. कौलारू छपराला फटी असतात, वारा त्यांतून निसटतो. उडाली तर दहा-वीस कौले उडतात. पत्रा अखंड असतो. सुटला तर अख्खे पाखे घेऊन जातो. म्हणून शेडचे छप्पर खाली येऊ नये यासाठी जेवढी तजवीज लागते, त्याहून जास्त ते वर जाऊ नये यासाठी लागते. पर्लिन छपराला टेकू देते खरी, पण वादळाच्या दिवशी तिने छपराला धरून ठेवायचे असते.

आता माझ्या हातातली ही टेप बघा. कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी, पोलादी पात्याची. पाते सपाट नसते, किंचित पन्हळी असते. मी ती उताणी, म्हणजे पोकळ बाजू वर ठेवून सव्वा मीटर बाहेर काढते. बघा, हवेत उभी आहे. आता तेच पाते, तेवढेच लांब, पालथे करते. मोडले. लगेच मोडले. उताणे पाते वाकते तेव्हा त्याच्या कडा ताणल्या जातात. पालथे वाकते तेव्हा त्याच कडा दाबल्या जातात. पातळ कडेला ताण सोसतो, दाब सोसत नाही. ती बाजूला पळते आणि सगळा आकार तिच्यामागे पिळवटतो.

पर्लिनचेही असेच आहे. पत्र्याचे आणि पावसाचे वजन खाली दाबते तेव्हा पर्लिनची वरची बाजू दाबली जाते. वरच्या बाजूला स्क्रूंनी पत्रा जखडलेला असतो, तो तिला बाजूला पळू देत नाही. वारा वर ओढतो तेव्हा दाब येतो खालच्या बाजूवर. ती शेडच्या पोकळीत मोकळी लोंबत असते. तिला धरायला तिथे कोणी नसते. तिला धरण्यासाठी दोन कैच्यांच्या मध्ये, एका पर्लिनपासून दुसरीपर्यंत, आढ्यापर्यंत ओळीने सळया किंवा अँगलचे तुकडे बांधतात. वरच्या बाजूजवळची सळई उतारावर लोंबणे रोखते आणि खालच्या बाजूजवळचा तुकडा वाऱ्यात पिळवटणे रोखतो. साइटवर या सगळ्यांना सॅग रॉड म्हणतात. बोटाएवढी सळई, दोन्ही टोकांना आटे आणि नट. पूर्ण छपराच्या खर्चात तिचा वाटा नगण्य. आणि कामाची घाई झाली की सर्वांत आधी वगळली जाते तीही हीच.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नोकरीच्या चौथ्या वर्षी शहराबाहेरच्या एका गोदामाचे काम माझ्याकडे होते. मे महिना संपत आला होता. पत्रे आले होते, सॅग रॉड आले नव्हते. मालकाला पावसाआधी माल आत घ्यायचा होता. मिस्त्री म्हणाला, "पत्रा चढवू, रॉड मागाहून घालू." मी हो म्हणाले. पत्रा चढला, खाली माल लागला आणि रॉड मागाहून घालायला वर जायला जागाच उरली नाही. आठवड्याने दुपारी वळवाचा पाऊस आला. वाऱ्याकडचे शटर उघडे होते. शेवटच्या दोन खणांचे पत्रे पर्लिनसकट उचलले गेले आणि मागच्या शेतात जाऊन पडले. रविवार होता, म्हणून कोणाला इजा झाली नाही. मी पोहोचले तेव्हा उरलेल्या पर्लिन कैच्यांवर तशाच होत्या, उसाचे चिपाड चरकातून निघावे तशा पिळलेल्या. बोल्ट सगळे शाबूत होते. पोलाद कुठेही तुटले नव्हते. नकाशावर रॉड दाखवलेले होते आणि रॉडशिवाय पत्रा चढवू देणारी सही माझी होती.

त्यातला हातभर तुकडा कापून मी सरांकडे घेऊन गेले. तेव्हा ते निवृत्त झाले होते. त्यांनी तो मांडीवर घेतला, दुमडलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कड दुमडली आहे गं. पण तिला धरायला कोणी नव्हतं." ते माझ्यावर रागावले नाहीत. तो तुकडा माझ्या टेबलावर आहे आणि सॅग रॉड लागल्याशिवाय पत्र्याचा पहिला गठ्ठा वर चढू द्यायचा नाही, हा नियम मी तेव्हापासून मोडलेला नाही.

जाड लोखंड पुष्कळ चुका पोटात घालते. जुन्या कैचीचा अँगल थोडा वाकडा लागला, एखादे वेल्डिंग कच्चे राहिले, तरी जाडीच्या जोरावर ते निभावून नेते. पातळ पोलाद निभावून नेत नाही. त्याच्यात उधळायला जास्तीचे काही ठेवलेलेच नसते. म्हणून त्याचा प्रत्येक बारकावा कामाचा असतो. झेड पर्लिनची वरची बाजू आढ्याकडे तोंड करून लावायची, म्हणजे उतारावर तिला पीळ कमी बसतो. उलटी लावली तर ती पहिल्या दिवसापासून खाली कलंडू बघते. पर्लिन कैचीवर नुसती ठेवायची नाही, क्लीटला, म्हणजे कैचीवर जोडलेल्या छोट्या पोलादी तुकड्याला, बोल्टने टांगायची. नाहीतर टेकूवर तिचा उभा पत्रा चिरडतो. दोन झेड एकमेकींत बसाव्यात म्हणून त्यांची एक बाजू किंचित रुंद आणि दुसरी किंचित अरुंद करतात, आणि कैचीवर त्या एकमेकींवर चढवून जोडतात. जिथे वाकण्याचे बळ सर्वांत जास्त, तिथेच पोलाद दुप्पट. पैसे वाचवायला हा एकमेकींवर चढलेला भाग, म्हणजे लॅप, आखूड केला की दुप्पट पोलादाचा फायदा जातो. आणि पंखा, केबल, फॉल्स सीलिंग, पाण्याचा पाइप, काहीही पर्लिनच्या खालच्या कडेला अडकवायचे नाही. तो भार कडेवरून तिला पीळ देतो आणि पीळ हेच तिचे दुखणे आहे.

स्क्रूचीही तीच गोष्ट. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, मुरुड, दिवेआगर, पुढे मंडणगड, दापोली, सगळीकडे पत्रे उडाले. काही महिन्यांनी त्या भागात कामासाठी गेले तेव्हा एका शाळेच्या मागे पर्लिनचा ढीग होता. मी तो बराच वेळ बघत बसले. पर्लिनमध्ये स्क्रू जसेच्या तसे होते, वॉशरही होते आणि प्रत्येक वॉशरखाली पत्र्याचा रुपयाएवढा फाटका गोल चिकटलेला. स्क्रू उपटला गेला नव्हता. पत्रा स्क्रूभोवती फाटून निघून गेला होता. १९७४ च्या नाताळात ऑस्ट्रेलियातले डार्विन शहर ट्रेसी या वादळाने उद्ध्वस्त केले, तेव्हा तिथल्या अभियंत्यांना पत्र्यांत हेच दिसले. वारा एकदाच ओढत नाही. तासन्‌तास, झोतामागून झोत, पुन्हा पुन्हा ओढतो. डबा उघडताना झाकणाची पट्टी मागेपुढे केली की तुटते, तसा पत्रा स्क्रूभोवती थकून फाटतो. त्यानंतर तिथे पत्र्याची चाचणी वारंवार ओढून घेतली जाऊ लागली आणि स्क्रूखाली मोठे वॉशर आले. कडेच्या ओळीत स्क्रू दाट हवेत, हे त्यांनी घरे गमावून शिकलेले आहे. ते आपल्याला फुकट मिळाले आहे. आपण ते घेऊ या.

डोंबिवलीचा स्वतःचा एक प्रश्न आहे आणि तो हवेचा आहे. जानेवारी २०१४ मधला हिरवा पाऊस आपल्याला आठवतो. फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला होता, तोही आठवतो. ती हवा आपल्या फुप्फुसांत जाते, तशी छपरावरही बसते. पर्लिनवरचा जस्ताचा थर नेहमीच्या प्रतीत दोन्ही बाजूंचा मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम असतो, म्हणजे एका बाजूला जेमतेम वीस मायक्रॉन. जस्त स्वतः झिजते आणि पोलादाला वाचवते. आम्लाच्या वाफेत ते फार लवकर झिजते. सहा मिलिमीटर जाडीच्या अँगलमधून दोन दशांश मिलिमीटर गंजून गेले तर तीन टक्केच गेले. दोन मिलिमीटरच्या पर्लिनमधून तेवढेच गेले तर दहावा हिस्सा गेला. शिवाय साइटवर वेल्डिंग केले की त्या जागचे जस्त जळून जाते. रासायनिक कारखान्यात पर्लिन दरवर्षी बघायला हवी आणि ती रंग मारण्याआधी बघायला हवी. रंग मारल्यावर गंज दिसत नाही.

२६ मे २०१६ आणि २३ मे २०२४. हे दोन दिवस या सभागृहात बसलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाहीत. दोन्ही वेळी इथल्या रासायनिक कारखान्यातला स्फोट, दोन्ही वेळी माणसे गेली, दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या, शेजारच्या शेडची छपरे आणि भिंतींचे पत्रे उखडले गेले. स्फोटाला पुरेल अशी पर्लिन कोणी बनवत नाही. तिथले उत्तर रसायने हाताळण्याच्या शिस्तीत आहे, सांगाड्यात नाही. पण माझ्या कामाचा त्यात एक भाग आहे. दोन्ही तारखा मे अखेरच्या आहेत, पाऊस दारात आलेला. आजूबाजूच्या शेडचे सांगाडे हलले, क्लीट वाकले, स्क्रूंची भोके मोठी झाली. अशा वेळी घाईने फाटके पत्रे काढून त्याच पर्लिनवर नवे बसवण्याचा मोह होतो. एकदा पिळवटलेली पर्लिन सरळ दिसली तरी सरळ राहिलेली नसते. ती उतरवून बघायला हवी आणि कामगारांना तिच्याखाली परत बसवण्याआधी बघायला हवी. १३ मे २०२४ ला घाटकोपरला जाहिरातीचा फलक पेट्रोल पंपावर कोसळून सतरा माणसे गेली. त्यानंतर दहाच दिवसांनी इथे स्फोट झाला. त्या महिन्यात मी रस्त्याने चालताना सारखी वर बघत होते. ती सवय मला आता सोडायचीही नाही.

शेवटी आपल्या घरांकडे येते. डोंबिवलीत, कल्याणात, ठाण्यात जुन्या इमारतींच्या गच्च्या गळतात आणि सोसायटी वर पत्र्याची शेड टाकते. बहुतेक वेळी चौकोनी पाइपचा सांगाडा असतो. तो पाइपही थंड पट्टी वाकवून, सांधा जोडूनच केलेला असतो, म्हणजे त्याच कुळातला. शेड चारी बाजूंनी उघडी, इमारत चार-सहा मजली, वर वारा जमिनीपेक्षा जास्त. छपराला वरून ओढ आणि खालून ढकल, दोन्ही एकदम. फॅब्रिकेटर चौरस फुटाचा भाव सांगतो, सोसायटी तीन कोटेशनांतले सर्वांत कमी घेते. वाऱ्याचा हिशेब तिन्हींपैकी एकातही नसतो.

आणि एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. खांबाची तळपट्टी गच्चीला अँकर बोल्टने जखडतात. बोल्ट तीन-चार इंच लांब. गच्चीवर काय असते? स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा, तोही तीन-चार इंच किंवा जास्त. बोल्ट कोब्यातच संपतो. स्लॅबपर्यंत पोहोचतच नाही. दिसायला नट घट्ट, पट्टी पक्की आणि खाली विटांचा चुरा. शिवाय त्याच भोकांतून पाणी झिरपून ज्या गळतीसाठी शेड टाकली ती गळती वाढते.

म्हणून माझी विनंती आहे. येत्या मे महिन्यात, पावसाआधी, सोसायटीच्या दोन-तीन सभासदांनी एका सकाळी गच्चीवर जावे. पत्र्यावर चढू नये, खालूनच बघावे. पर्लिनला मधोमध कोणी धरले आहे का? पाइपच्या सांध्यांतून तांबूस पाणी ओघळले आहे का? कडेच्या ओळीतले स्क्रू दोन हातांवर आहेत की वीतभर अंतरावर? पर्लिनला कोणी काही लटकवले आहे का? तिच्यावर सौर पॅनल बसवायची आहेत का आणि तो भार मूळ हिशेबात होता का? आणि शेड बांधणाऱ्याला विचारावे, बोल्ट कोब्यात संपतो की स्लॅबमध्ये? उत्तर समाधानाचे नसेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावावे. फॅब्रिकेटर मंडळींनाही माझे सांगणे आहे. तुमच्या हातात कसब आहे, ते मी जवळून पाहिले आहे. ग्राहकाने सॅग रॉड वगळायला सांगितला तर नाही म्हणा. तुमच्या नाही म्हणण्याने रस्त्यावरून जाणारे एखादे माणूस वाचेल आणि ते तुम्हाला कधी कळणारही नाही.

सरांच्या वर्कशॉपमधली सुपली मी घरी आणली तेव्हा आईने तिच्यात केर भरला आणि पुढे कितीतरी वर्षे भरत राहिली. कड दुमडलेली होती म्हणून ती टिकली. पत्र्याचे छप्पर आपल्या पिढीने आपल्या डोक्यावर घेतले आहे, ते आता परत कौलांचे होणार नाही. ते हलके आहे, चांगले आहे. त्याला धरायला माणसे हवीत. त्या कामाला आपण लागलो तर सरांना ती आदरांजली पोहोचेल.